अण्णांच्या मेलची घंटी

सोम. ४ ऑगस्ट

मेलचा प्रोग्राम शनिवारपर्यंत होता तो आज नाही. आपोआप नवा झाला. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. नेहमीची बटणं कुठे नेऊन ठेवली आहेत ते शोधण्यात सकाळ गेली. त्यात अण्णांची हाक. ‘बाई, हितं या की जरा. ह्याला काय झालंय बघा.’

झालं होतं असं, की आता प्रत्येक मेल वेगळ्या विंडोत उघडतो, आणि अक्षर मुंगीएवढं. मला चष्म्याने दिसेना, अण्णांची काय कथा. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय, फक्त कडेचं दिसतं, म्हणून मान वाकडी करून वाचतात. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं. टॉवेलचा कारखाना ह्या माणसाने दोन मागांवरून वाढवला, आणि परदेशच्या गिऱ्हाइकांना आजवर उत्तरं स्वतः दिली. इंग्रजी चार ओळींचं, पण काम अडलं नाही कधी.

पडद्यावर विंडोवर विंडो. मी एकेक बंद करायला लागले तर म्हणाले, ‘बंद करू नका, ते ऱ्हायलेलं काम हाय.’ म्हणजे कुठली विंडो राहिली आणि कुठली झाली, ते फक्त त्यांना ठाऊक. दुपारपर्यंत त्यांनाही ठाऊक राहिलं नाही. उद्या बघते म्हटलं.

मंगळ. ५ ऑगस्ट

अण्णांचं टेबल नीट पाहिलं. इतकी वर्षं समोर बसते, पण आज मुद्दाम. गिऱ्हाइकाला दाखवायचे टॉवेलचे नमुने टेबलावर एकावर एक. उत्तर दिलं की तो नमुना खालच्या खणात. टेबलावर आहे म्हणजे राहिलंय. सगळ्यात वर सगळ्यात नवा. झाडणाऱ्या मावशीसुद्धा हात लावत नाहीत.

मग सेटिंगमध्ये शिरले. ह्या नव्या प्रोग्रामात सगळं आहे, फक्त कुठे आहे ते सांगायची पद्धत नाही. शोधून काढलेलं:

मेल उघडला की विंडो पडदाभर. अक्षर डिफॉल्टच मोठं, दर वेळी वाढवायला नको. आणि एक फार छान टिक सापडली: उत्तर पाठवलं की मूळ मेलची विंडो आपोआप बंद. म्हणजे जे उघडं आहे ते राहिलेलं. थेट टेबलच.

अण्णांना दाखवलं. एक उत्तर पाठवलं, विंडो गेली, खालची वर आली. पुन्हा एक पाठवून पाहिलं. ‘हे बरं केलं बाई. ह्या मशीनला आता आपली रीत कळली.’

मला बरं वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे निवृत्त झाल्यापासून माझ्या ऑफिसात ह्यांना भलताच रस. म्हणाले, ‘त्या मशीनला लावलीस तशी एक टिक मलाही लाव. जेवण झालं की ताट आपोआप उचललं जाईल.’ मी माझं ताट उचलून आत गेले.

गुरु. ७ ऑगस्ट

श्रीनिवास (अण्णांचा मुलगा, पुढे नुसतं श्री.) काचेच्या केबिनमधून बाहेर आला, अण्णांचा पडदा बघून थबकला. एवढी अक्षरं रस्त्यावरून वाचता येतील म्हणाला. मग मला आत बोलावलं.

‘मॅडम, तुम्ही मेहनत घेताय, पण हे किती दिवस? गिऱ्हाइकांचे मेल सरळ माझ्याकडे वळवा ना. एक रूल टाकायचा, बास.’

‘बघते.’

‘बघते’ म्हणजे माझं करायचं नसलेलं काम. श्री. लहानपणापासून मला ओळखतो, त्याला ते कळलं. हसला. हट्टी आहे पण वाईट नाही.

शनि. ९ ऑगस्ट

विणकर समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथ, भवानी पेठेतले सगळे माग बंद. पेठ बंद असली की कान मोकळे होतात. आज पाण्याचाही वार होता, सकाळभर पिंप, हंडे, बादल्या. हे म्हणाले गच्चीवर टाकी मोठी घेऊ. दर पाण्याच्या वाराला म्हणतात.

मंगळ. १२ ऑगस्ट

नवी कटकट. मेल आला की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवते आणि आपली आपण जाते. अण्णांना कोपऱ्यातलं चांगलं दिसतं, म्हणजे चौकट दिसते, पण मान वळवून वाचेपर्यंत ती गायब. मग चिडचिड. ‘कोण डोकावून जातंय, बसत न्हाय.’

चौकट बंद केली. त्याऐवजी आवाज लावायचा ठरवलं. प्रोग्रामात पुष्कळ आवाज आहेत, प्रत्येकापुढे एक लहान त्रिकोण, तो दाबला की आवाज ऐकू येतो. अण्णा परीक्षक. पाण्याचा थेंब नको, खालच्या मागांत विरून जातो. बासरी नको, ‘कुणाच्या लग्नात बसल्यावानी वाटतंय.’ शेवटी सायकलच्या घंटीसारखा एक मिळाला. खाली शेडमध्ये सगळे माग चालू असतानाही स्पष्ट ऐकू येतो. खूश झाले. पहिली घंटी वाजली तेव्हा बसल्या जागी ताठ झाले आणि शर्टाची बाही सारखी केली. मला हसू आलं आणि गंमतही वाटली. ह्या वयात माणूस मेलसाठी बाही सारखी करतो.

गुरु. १४ ऑगस्ट

डेन्मार्कच्या बाईंचे मेल चालू. मोठी ऑर्डर, अंघोळीचे टॉवेल. त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपली जेवणाची वेळ जवळ आलेली असते, त्यामुळे घंट्या तेव्हाच. मी डबा उघडायची आणि टिंग. आजची शेंगाचटणी जास्त तिखट झाली होती.

सोम. १८ ऑगस्ट

वाईट दिवस. नीट लिहिते.

डेन्मार्कच्या बाईंचे दोन मेल होते. आधीच्यात रंग मोहरीचा. नंतरच्यात, मोहरी रद्द, फिकट लिंबू करा. अण्णांनी शनिवारी नंतरचा उघडला, वाचला. मग ताडून बघायला आधीचाही पुन्हा उघडला. तो आता वर आला. दोन्ही विंडो पडदाभर, खालची दिसायचं कारण नाही. फोन आला, बोलणं झालं, फोन ठेवला, आणि समोर जी विंडो होती तिला उत्तर दिलं. ओके, प्रोसीड. अण्णांच्या टेबलावर वरचं ते सगळ्यात नवं. चाळीसएक वर्षं तेच खरं होतं.

उत्तराची प्रत डाइंगवाल्याला गेली. त्याने शनिवारीच सूत रंगायला टाकलं. मोहरी.

आज सकाळी अण्णांनी मशीन उघडलं तर लिंबाची विंडो उघडी. ‘बाई, हे ऱ्हायलंय की.’ आवाज असा की मी खुर्चीवरून उठलेच. मी लावलेल्या टिकने झालेली विंडो बंद केली होती आणि राहिलेली समोर धरली होती. तिचं काम तिने चोख केलं.

श्री. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. डाइंगवाल्याशी, डेन्मार्कशी, सगळ्यांशी गोड बोलला. मोहरी सुताचे इथल्या बाजारासाठी नॅपकिन करू म्हणाला. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, विंडो पडदाभर मी केली होती, लहान असती तर खालची दिसली असती. तो म्हणाला, ‘सेटिंगचा प्रश्न नाही मॅडम. डोळ्यांचा आहे.’

अण्णा दिवसभर टेबलावरचे नमुने सारखे करत होते. जाताना म्हणाले, ‘माझ्याच हातनं झालं.’ आणि जिन्याचा कठडा धरून हळू उतरले. मला फार वाईट वाटलं.

मंगळ. १९ ऑगस्ट

अण्णा आले नाहीत, बरं वाटत नाही म्हणून. श्री.ने तोच दिवस धरला. ‘मॅडम, आज रूल टाकाच.’

टाकला. अण्णांच्या मशीनवर बसून. गिऱ्हाइकांचा कुठलाही मेल अण्णांच्या इनबॉक्समध्ये आला की थांबायचं नाही, सरळ श्री.च्या फोल्डरात. करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढ्यासाठी मी इतके दिवस बघते बघते करत होते.

‘अण्णांना सांगणार ना?’

‘सांगून काय होणार? वाईट वाटेल. त्यांना यार्नचे भाव, शुभेच्छा, ते सगळं येत राहील की. टेबल आहे, खुर्ची आहे.’

तो बरोबर बोलत होता आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. पण पगार त्याच्या सहीने येतो, आणि मोहरीचं सूत मीही पाहिलंय.

बुध. २० ऑगस्ट

अण्णा आले. सुताच्या भावाचं पत्रक वाचलं. एका यार्नवाल्याच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण वाचलं. मान वाकडी करून, पूर्ण. मग बसून राहिले.

गुरु. २१ ऑगस्ट

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट. डबा उघडला आणि टिंग.

अण्णांनी बाही सारखी केली, मान वळवली, इनबॉक्स पाहिला. काही नाही. खाली वर केलं. काही नाही.

मी घास हातात धरून बसले. रूल मेलला हलवतो, पण घंटी आधी वाजते. मेल आला, घंटी वाजली, मग उचलून श्री.कडे. प्रोग्रामला घाई आहे पण लपवाछपवी येत नाही. आणखी दोनदा वाजली. भाकरी कडक होती, ती चावण्यात वेळ काढला.

शुक्र. २२ ऑगस्ट

पोळा. शहरात त्याचं काय, पण मावशींनी मातीचे बैल आणून दिले.

जेवणाआधी टिंग. अण्णा: ‘बाई, वाजली की?’

‘ते अपडेटचं असतं, अण्णा.’

‘असं व्हय.’

खोटं बोलताना माझा आवाज बदलत नाही, हे आज कळलं. कळलं नसतं तर चाललं असतं.

सोम. २५ ऑगस्ट

टिंग वाजली. अण्णा पडद्याकडे वळलेच नाहीत. उठले, पायात चपला सरकवल्या, भिंतीच्या कडेने सरळ श्री.च्या केबिनशी गेले. दार ढकलून विचारलं, ‘एम वच्चिंदि?’

त्यांच्या घरात बोलतात ते तेलुगू. काय आलं. एवढं मला इतक्या वर्षांत येतंच.

श्री.ने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत पाहिलं. मग तो काहीतरी बोलला, अण्णा हं म्हणाले आणि परत येऊन बसले. थोड्या वेळाने टिंग. पुन्हा चपला.

चहाच्या वेळी अण्णा माझ्या टेबलाशी आले. राग नव्हता. ‘तुमी अपडेट म्हणालात. अपडेट काय रोज डेन्मार्कच्या टायमाला येतंय व्हय?’

मी चहाचा कप बशीत ठेवला.

‘श्रीनूनं केलंय ते बरोबरच केलंय. रंग माझ्या हातनं चुकला, त्याच्या न्हाय. पण बाई, घंटी तेवढी ऱ्हाऊ द्या. काय आलं ते मला वाचाय न्हाय आलं तरी चालंल. आलंय, एवढं कळू दे.’

‘ठेवते,’ मी म्हणाले. ह्या वेळी ‘बघते’ नाही म्हणाले.

मंगळ. २६ ऑगस्ट

उद्या गणपती. लवकर निघाले. सकाळपासून तीनदा चपला वाजल्या. खालचा जॉबर, मागांची देखभाल करणारा, माग थांबवून मला विचारतो, ‘मालक लई फिरायलेत आज, काय झालंय?’ व्यायाम म्हटलं.

शनि. ३० ऑगस्ट

ज्याची भीती होती तेच.

श्री.कडे बँकेचे साहेब बसले होते. टिंग. चपला. दार. ‘एम वच्चिंदि?’ साहेब उठून उभे राहिले, नमस्कार वगैरे. श्री.चा चेहरा लाल.

संध्याकाळी आत बोलावलं. ‘मॅडम, अण्णांच्या मशीनचा तो आवाज बंद करा.’

मी सांगितलं की अण्णांनी ठेवायला सांगितलाय. कधी सांगितलं, काय म्हणाले, सगळं सांगितलं. तो पेन उघडझाप करायला लागला. मला वाटलं आता साहेब येतात जातात, कसं दिसतं, असलं काहीतरी म्हणेल. पण म्हणाला, ‘ते दारात आले की मला प्रत्येक वेळी वाटतं मी त्यांचं काढून घेतलंय. दिवसातून किती वेळा वाटून घेऊ?’

मुलगा झाला म्हणून त्याला काही होत नाही असं थोडंच आहे.

‘सोमवारी करून टाका,’ म्हणाला.

‘बघते.’

रवि. ३१ ऑगस्ट

घरी गौरींची गडबड. ह्यांना सगळं सांगितलं. थट्टा करतील वाटलं होतं. म्हणाले, ‘मी रिटायर झालो तेव्हा पहिले काही दिवस ऑफिसच्या वेळेला बूट पुसायचो. तू बघितलंस, पण बोलली नाहीस.’ बघितलं होतं. बूट पुसून झाले की कपाटात ठेवायचे.

मग म्हणाले, नैवेद्याला उशीर होतोय.

सोम. १ सप्टेंबर

रजा. पूजन. पुरणपोळ्या. मशीनला हात नाही.

मंगळ. २ सप्टेंबर

श्री. आल्या आल्या म्हणाला, ‘मॅडम, आवाजाचं?’ करते म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अण्णा बाहेर सज्ज्यात उभे होते, कोवळ्या उन्हात. त्यांच्या खुर्चीत बसले. ती माझ्या खुर्चीपेक्षा बुटकी आहे. सेटिंग, मग आवाज. ‘नवा मेल आल्यावर आवाज करा’, त्यामागे टिक. शेजारी सायकलच्या घंटीचं नाव, त्यापुढे तो त्रिकोण. खाली ओके, रद्द.

टिक काढली. चौकोन रिकामा झाला. ओके दाबायचं राहिलं. आणि मला तो आवाज एकदा ऐकावासा वाटला, उगीच. त्रिकोण दाबला.

टिंग. माग पाळी बदलायला नेमके बंद होते, साऱ्या मजल्यावर ऐकू गेली.

सज्ज्यात चपला वाजल्या. अण्णा आत आले, माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत, भिंतीला हात लावत केबिनशी गेले. ‘एम वच्चिंदि?’

श्री.ने पडद्याकडे पाहिलं. तिथे काय असणार, काहीच आलं नव्हतं. मग काचेतून त्यांच्या खुर्चीत बसलेल्या मला पाहिलं. मला वाटलं आता माझी गत काही खरी नाही. तो उठला, कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या फायली खाली ठेवल्या, स्टूल स्वतःच्या खुर्चीशेजारी ओढलं.

‘डेन्मार्कचं आहे, अण्णा. बसा. वाचून दाखवतो.’

आणि वाचलं. शुक्रवारचा मेल होता, लिंबू रंगाचा नमुना पसंत असल्याचा. फाइलला मीच लावला होता, ओळीन् ओळ माहीत होता. श्री.ने सावकाश वाचला, मधे मधे तेलुगूत सांगितलं. अण्णा मान वाकडी करून पडद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होते. विचारलं, उत्तर काय देणार. श्री.ने सांगितलं. अण्णा म्हणाले, त्यात पॅकिंगचं विचार. श्री.ने टाइप केलं. खरोखर पाठवलं की नाही, देव जाणे.

परत येताना अण्णा माझ्यापाशी, म्हणजे आपल्याच टेबलापाशी थांबले. मी उठून खुर्ची दिली. बसता बसता हळू म्हणाले, ‘बाई, डेन्मार्कवाले अजून झोपल्यात. आज अपडेट लौकर आलं की.’

त्यांनी वरचा नमुना उचलून सारखा केला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

जेवणाच्या वेळी खऱ्या घंट्या वाजल्या. दोनदा ते गेले. दुसऱ्या वेळी स्टूल आधीच ओढलेलं होतं.

संध्याकाळी श्री. निघताना माझ्या टेबलाशी आला. ‘मॅडम, ते आवाजाचं...’ म्हणाला आणि पुढे बोललाच नाही. गाडीची किल्ली खिशात चाचपत जिना उतरला. करू नका असंही नाही, झालं का असंही नाही.

अण्णा गेल्यावर मशीन बघितलं. सेटिंगची विंडो तशीच उघडी, चौकोन रिकामा, ओके दाबलेलं नाही, म्हणून तर घंट्या वाजल्या. ओकेही दाबलं नाही, रद्दही नाही. नुसता पडदा बंद केला. उद्या अण्णा उघडतील तेव्हा सगळ्यात वर तीच असेल. त्यांच्या रीतीने, राहिलेलं काम.